रोमन सातबारा

समजा, जग रोमन आकड्यांवरच अडकून बसलं असतं. ना शून्य, ना एकं-दहं-शतं. तर जिंतूरच्या मोंढ्यात सोयाबीनची पट्टी कशी दिसली असती?

२०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. रोमनमध्ये पाच हजारांसाठी 'व्ही' लिहून त्याच्या डोक्यावर आडवी रेघ मारायची. मग तीन 'सी', दोन 'एक्स', पुन्हा एक 'व्ही' आणि तीन 'आय'. कार्बन कॉपीवर ती रेघ उमटली नाही, की पाच हजारांचे पाच उरले. एवढ्यावर भागलं तर नशीब. आता याला अठरा क्विंटलने गुणा.

गुणता येत नाही. खुद्द रोमन माणूसही कागदावर गुणत नसे. तो खाचांच्या पाटीवर खडे सरकवायचा आणि आलेलं उत्तर तेवढं अक्षरांत उतरवायचा. म्हणजे हिशेब पाटीवर, आकडा कागदावर, आणि पाटी ज्याची तो मालक. पट्टीवर हमाली, तोलाई, कडता हे सगळं वजा होऊन एक लांबलचक 'एक्सएक्सएक्सव्ही' टाइप काहीतरी हातात पडलं असतं. ते बरोबर की चूक, हे विचारायला पुन्हा मुनीमजीकडेच जायचं. आज निदान त्याच पट्टीच्या पाठीवर बॉलपेनने सातवीतली पोरगी पाच मिनिटांत सांगते: पंचाण्णव हजार नऊशे चार झाले बाबा, यांनी कमी लिहिलेत. शून्याचे उपकार मोजायचेच तर मी ते चांद्रयानापासून नाही, या पोरीपासून मोजीन.

रोमन आकड्यांचा आणखी एक गुण. ८८ लिहायला आठ अक्षरं, ९० ला दोन, शंभराला एक. माल वाढेल तसा आकडा आखूड. शिवाय छोटा आकडा मोठ्याच्या मागे उभा राहिला तर भर घालतो आणि पुढे घुसला तर मोठ्याचीच किंमत कमी करतो. तालुक्याच्या बॅनरवर साहेबांच्या पुढे सरकणाऱ्या कार्यकर्त्यांना हे गणित शिकवायची गरज नाही.

युरोपला हसायचं कारण नाही, पण थोडं हसू. आपल्याकडचे आकडे अरबांमार्फत तिकडे पोचले, तेव्हा १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने ते हिशेबाच्या वहीत लिहायला बंदी घातली. कारण सांगतात ते असं, की शून्याला शेपूट काढली की सहा होतो, नऊ होतो. सराफालाच फसवाफसवीची भीती! ती भीती अजून गेलेली नाही. तुमच्या चेकवर 'अक्षरी रुपये' ही ओळ कशाला छापलेली असते?

आणि आपण तरी कुठे जन्मतः शून्यवाले? जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या नागनिका राणीच्या लेखात यज्ञांची दक्षिणा कोरलेली आहे. गाई, घोडे, कार्षापणं, सगळं आकड्यांत. २४,४०० लिहिताना वीस हजारांची एक खूण, चार हजारांची दुसरी, चारशेची तिसरी. शून्य नाही. पैठणचं राज्य दक्षिणा देऊन मोकळं झालं. वाटणी बरोबर झाली का, हे एखाद्या ब्राह्मणाने बोटांवरच मोजलं असणार.

जिंतूरकरांना तर फार मागे जायला नको. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. मुघल दफ्तरांतून उतरलेली सियाक नावाची आकडेलेखनाची रीत तिथल्या हिशेबात होती. अरबी संख्यानामं घाईत लिहून लिहून झिजलेली, तेच तिचे आकडे. त्यात स्थानिक किंमत नाही, शून्य नाही. आपल्याच शेतसाऱ्याची रक्कम वाचायला कुळाने दफ्तरातल्या माणसासमोर हात जोडून उभं राहायचं. २०१८ मध्ये संगणकाच्या युनिकोडने या आकड्यांना जागा दिली. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी निजामकाळची दफ्तरं उघडली, तेव्हा सरकार मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधत फिरत होतं. जमीन पणजोबांची, नोंद पणजोबांची, आणि वाचणारा मानधनावर.

१९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि पुढे आपल्याकडे सातबारा आला. गंमत बघा, जुन्या इंग्रजी महसुली पुस्तकांत आणि कोर्टाच्या निकालांत गाव नमुने रोमन आकड्यांत सापडतात. सातबारा तिथे 'व्हीआयआय-एक्सआयआय' होतो. म्हणजे रोमन साम्राज्य बुडालं, पण तलाठी सज्जात त्याची एक शाखा चालू राहिली.

शून्य नसतं तर सगळ्यात मोठी पंचाईत सरकारची झाली असती. 'शून्य टक्के व्याज' कसं जाहीर करणार? उन्हाळ्यात येलदरी धरणाचा जिवंत साठा पेपरात कसा छापणार? ईस्टरच्या तारखा काढणाऱ्या जुन्या ख्रिस्ती पंडितांनी यावर तोड काढली होती. काही उरत नसेल तिथे ते 'नुल्ला' असा शब्द लिहायचे. निवडणुकीच्या सभेत 'सातबारा नुल्ला करू' ही घोषणा जोरात चालली असती. कुणाला कळली नसती, म्हणून आणखी जोरात.

पीकविमा मात्र रोमनमध्येही बिनघोर चालला असता. २०२५ मध्ये अकोला जिल्ह्यात काही शेतकऱ्यांच्या खात्यात तीन रुपये, पाच रुपये असे जमा झाले. तीनला तीन दांड्या, पाचला एक 'व्ही'. मुनीमजी नको, पाटी नको, खडे नको.