पोच

संगणकाच्या प्रोसेसरची आणि ग्राफिक्स कार्डाची कधी समोरासमोर गाठ पडत नाही, ही गोष्ट पडद्यावरील चित्रांत रमणाऱ्यांच्या ध्यानात येण्याचे कारण नाही. जुन्या यंत्रांत उभयतांमध्ये पीसीआय नावाचा, इंटेलने १९९२ साली घालून दिलेला, एका ठोक्यास ३२ बिटे वाहणारा मार्ग असतो, आणि त्याच्या नाक्यावर ब्रिज नावाचा एक मुरलेला कारकून बसलेला असतो, ज्याच्या स्वभावाची खरी ओळख पटण्यासाठी त्या कार्डाचा ड्रायव्हर दुरुस्त करण्याचे काम नशिबी यावे लागते.

माझ्या वाट्यास आलेले कार्ड लहरी होते. यंत्र सुरू करताना पडदा कधी उजळे, कधी अमावास्या. कार्ड खाचेत नीट बसले नसेल, ही शंका लगेच निकालात निघाली. कारण रिकाम्या खाचेस उत्पादकाचा क्रमांक विचारला असता सर्व बिटे एक, म्हणजे ६५५३५, असे भरघोस उत्तर येते (गैरहजर इसमाने इतक्या ठणठणीतपणे जबाब देण्याची पद्धत मी अन्यत्र पाहिलेली नाही), आणि आमचे कार्ड तर आपला क्रमांक बिनचूक सांगत होते. ड्रायव्हरातील हुकूमही निर्दोष दिसले: ‘रीसेट हो’, मग काही मायक्रोसेकंदांची मुदत, मग ‘ऊठ’. अखेर दोहोंच्या मध्ये, रजिस्टर वाचून त्यातील किंमत छापणारी एक ओळ घातली, तो दोष फरारी! ओळ काढली, दोष हजर. छापणे वगळून नुसते वाचणे ठेवले, तरीही फरारी.

उलगडा ब्रिजच्या दप्तरात होता. प्रोसेसरने लेखी हुकूम धाडला की हा गृहस्थ तत्काळ पोच देतो, कागद स्वतःजवळ ठेवतो आणि सवडीने पुढे रवाना करतो. यास पोस्टेड राइट म्हणतात आणि ते सर्वस्वी कायदेशीर आहे. परिणामी प्रोसेसर इकडे मुदतीचे क्षण इमानाने मोजीत असता ‘रीसेट हो’ हा कागद निघालेलाच नसे, आणि निघे तेव्हा ‘ऊठ’ त्याच्या पाठोपाठ. निजण्याची आणि उठण्याची आज्ञा एकाच दमात मिळाल्यावर कार्डाने डोळेच उघडले नाहीत तर त्याचा काय अपराध? मात्र कार्डास काही विचारले, की उत्तर आणण्यापूर्वी साठलेले सर्व कागद पोहोचते केल्यावाचून ब्रिजची सुटका नसते.

तेव्हा हल्ली दोन हुकुमांच्या मध्ये कार्डास एक प्रश्न विचारला जातो, ज्याचे उत्तर कोणीही पाहत नाही. आमच्या एका टापटिपीच्या सहकाऱ्यांनी ही निरर्थक ओळ काढून टाकण्याची सूचना केली, तेव्हा मी ब्रिजची सगळी हकिकत त्यांना लेखी कळविली. पोच त्यांनी ताबडतोब दिली.