चलनाबाहेरचे काका

दूधवाल्याने सुटे परत दिले की आपण ते न बघता खिशात टाकतो. आमच्या इमारतीतले नाणेकाका ते आधी उजेडाला धरतात. सालाखाली बारकासा हिरा असला तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असली तर हैदराबादचं, ठिपका असला तर नोएडाचं आणि काहीच नसलं तर कोलकात्याचं. "हैदराबाद आहे माझ्याकडे. एखादं नोएडा बघ ना," असं ते सकाळी सहाला दूधवाल्याला सांगतात. तो गावाकडचा माणूस. त्याला इतकंच कळतं की या घरात पैसेसुद्धा पसंत पडावे लागतात.

मंडईत दहाचं नाणं घ्यायला भाजीवाली कां-कूं करू लागली की काका पिशवी खाली ठेवतात. "रिझर्व्ह बँकेने २०१८ साली जाहीर केलंय, चौदाच्या चौदा नमुने चालतात! चौदाही आहेत माझ्याकडे, आणून दाखवू?"

"मग भेंडीपण बँकेतूनच घ्या," भाजीवाली म्हणते.

काका ३४ वर्षं एका बँकेत कॅशियर होते. तेव्हा नोटांचा त्यांना उबग होता. निवृत्तीनंतर जुना बाजार फिरता फिरता एक भोकाचा पैसा हाती लागला आणि मग चलनात असलेल्या पैशातलं त्यांचं लक्षच उडालं. पैसा चालेनासा झाला की तो त्यांच्या घरात चालायला लागतो. भोकाचा पैसा, ढब्बू, पावली, आणे, नये पैसे, सगळे प्लॅस्टिकच्या कप्प्यांत आपापल्या चिठ्ठीसह झोपलेले. चिठ्ठ्या काकांच्याच अक्षरात. त्यांच्या शून्याला उंदराच्या शेपटीसारखं एक शेपूट असतं. वाण्याच्या यादीतली १०० ग्रॅम मोहरीही त्या शेपटांवरून ओळखू येते.

बोलणंही सगळं नाण्यांचंच. पुतण्याला मुलगी सांगून आली तेव्हा त्याची पत्रिका, पगार असं सगळं बोलून झाल्यावर काकांनी त्याच्या विरळ होत चाललेल्या डोक्याकडे बघून अभिप्राय दिला, "साल चांगलं आहे. फक्त वरची छाप जरा पुसट झालीय."

घरी आलेल्याची परीक्षा ठरलेली. १९११चा पंचम जॉर्जचा रुपया आणि भिंग हातात येतं. राजाच्या झग्यावरच्या पदकात हत्ती आहे. तो इतका बेताचा कोरला गेला की लोकांना त्यात डुक्कर दिसलं, ओरड झाली, आणि पुढच्या वर्षी हत्तीला नीट सोंड काढून द्यावी लागली. "सांग, हत्ती की डुक्कर?" मी पहिल्यांदा चुकून "घूस" म्हणालो. त्या दिवशी चहा आला नाही.

दर रविवारी कुणीतरी आजीच्या डब्यातलं घबाड रुमालात बांधून आणतं. राम-लक्ष्मण-सीता आणि पाठीवर ईस्ट इंडिया कंपनी, १८१८! "अहो, कंपनी सरकारने रामपंचायतन छापलं असतं, तर पुढचं सत्तावन्न झालं असतं का?" म्हणत काका रुमाल परत बांधून देतात. वैष्णोदेवीच्या पाचाच्या नाण्याला मोबाइलवर कुणी लाखो रुपये देतंय म्हणून नाचत आलेल्याला ते रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये दिलेला फसवणुकीचा इशारा वाचून दाखवतात. मग एक जण कानाशी येऊन कुजबुजतो, "हे तांब्याचं नाणं तांदूळ ओढतं, काका. परदेशात कोटीत जातं." काका शांतपणे सांगतात, "आमच्याकडे तांदूळ ओढायला रेशनकार्ड लागतं."

क्वचित मात्र रुमालातून एक जाड, हिरवट तुकडा निघतो. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. शिवराई. काका खुर्चीत सावरून बसतात. आणणाऱ्याचा श्वास अडकलेला. काका किंमत सांगतात, ती चार आकड्यांतही जात नाही.

"महाराजांचं नाणं, आणि एवढंच?"

"रयतेच्या हातात खेळावं म्हणून पाडलं होतं, बाबा. उदंड पाडलं, पुढेही पाडत राहिले, म्हणून अजून सापडतं. दुर्मिळच हवं तर महाराजांचा सोन्याचा होन शोध. सापडला तर मलाही हाक मार, नुसता बघेन."

काकूंना हा संसार मान्य आहे; जागा मान्य नाही. एका दिवाळीला काकांच्या माघारी त्यांनी लक्ष्मीपूजनासाठी तांब्याची बारा नाणी चिंच-मिठाने घासली. काका आले तेव्हा पाटावर बारा सूर्य उगवले होते.

"अगं, शंभर वर्षांचा रंग होता तो! निम्मी किंमत गेली. इतिहास धुतलास तू."

"इतिहास नव्हता, कळकट होती," काकू म्हणाल्या. "आणि किंमत किंमत काय करता? विकलंयत का कधी एक तरी?"

या प्रश्नाला काकांकडे उत्तर नाही. त्या रात्री त्यांनी अनारशालाही हात लावला नाही.

नोटाबंदीनंतर सारा देश जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा घालवायला धावत होता, तेव्हा काकांना त्या ठेवायच्या होत्या. २०१७च्या कायद्याने संग्राहकाला अशा नोटा जास्तीत जास्त २५ ठेवता येतात. काकांकडे बरोब्बर पंचवीस आहेत आणि दर महिन्याला ते चिमट्याने मोजतात, न जाणो, व्यायची एखादी. "सव्वीस भरल्या तर तुरुंगात डबा मी आणणार नाही," काकू आतून सांगतात. "दंड आहे फक्त, तुरुंग नाही," काका कलमासकट उत्तर देतात आणि पुन्हा एकपासून मोजू लागतात.

त्यांचा खरा राग एकाच जमातीवर. जुन्या नोटेला पिनेची भोकं दिसली किंवा जलचिन्हाच्या पांढऱ्या खिडकीत बॉलपेनने आकडा खरडलेला दिसला, की काका लाल होतात. "नोट म्हणजे काय गोधडी आहे, टाके घालायला? हे हात छाटायला हवेत!" शेवटी २००१ साली रिझर्व्ह बँकेलाच बँकांना सांगावं लागलं की गड्ड्यांना पिना मारू नका. हे सांगताना काकांचा आवाज चढतो. त्याच्या आधी गड्ड्यांना पिना कोण मारत होतं, या विषयाकडे ते कधी वळत नाहीत.

परवा एका नाणेप्रदर्शनात मी त्यांच्याबरोबर होतो. एका टेबलावर कोणार्कचं चाक असलेली विसाची जुनी नोट पडली होती. नंबर देखणा, पण डावीकडे दोन भोकं आणि खिडकीत निळ्या शाईत '१००'.

"स्वस्तात देतो," विक्रेता म्हणाला. "कुठल्यातरी गाढव कॅशियरने गड्डीवर आकडा टाकून वाट लावलीय."

आता काका हात छाटणार, म्हणून मी सरसावलो. काकांनी भिंग लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मी वाकून पाहिलं. दोन्ही शून्यांना शेपटं होती.

मेथीच्या जुडीलाही घासाघीस करणाऱ्या माणसाने सांगितली ती किंमत मोजली आणि नोट पाकिटात न ठेवता शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. बाहेर आल्यावर मला राहवलं नाही.

"काका, हात छाटायचे होते ना?"

"छाटले की," काका म्हणाले. "साठाव्या वर्षी. शाल-श्रीफळ देऊन."