पिंजऱ्यातला उंदीर आणि आमच्या ह्यांची फुप्फुसं

सकाळी पिंजऱ्यात उंदीर सापडला. कांदाभज्याचा तुकडा लावला होता, तो संपवून शहाणा निवांत बसला होता. याला सोडू कुठे, या विचारात मी कुंपणापाशी उभी, तेवढ्यात पलीकडच्या काकू जास्वंद तोडायला आल्या.

"माझ्या अंगणात नको हं," त्यांनी आधीच सांगून टाकलं. मग वाकून बघितलं. "चांगला गुबगुबीत आहे गं. आमच्याकडचे असे नसायचे."

काकू एका मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायॉलॉजीत टेक्निशियन होत्या. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी 'आमच्याकडे' म्हणजे अजून लॅबच. आमचे हे न्यूमोनियाने आठवडाभर ॲडमिट होते, परवाच घरी आणलं, तेव्हा माझ्या डोक्यातही दुसरा विषय नव्हता.

"काकू, उंदराला न्यूमोनिया होतो का हो?"

"होतो काय, आम्ही करायचो! पांढरा उंदीर, जेमतेम पंचवीस ग्रॅमचा. थोडी गुंगी द्यायची, उभा धरायचा आणि नाकपुडीवर जंतूंचा एक थेंब. उंदीर नाकानेच श्वास घेतो, त्यामुळे थेंब आपोआप आत. दुसऱ्या दिवशी बघावं तर केस पिंजारलेले, पाठीला कुबड, कोपऱ्यात गप्प."

"आणि ताप?"

"तीच तर गंमत. ताप चढायच्या ऐवजी अंग गार पडतं."

आमच्या ह्यांना 103 ताप होता. मग असल्या उंदरावरून माणसाचं काय डोंबल कळणार, असं मी म्हटलं. काकूंनी माझीच री ओढली. "फुप्फुसंसुद्धा वेगळी. आपल्या उजव्याचे तीन भाग, डाव्याचे दोन. उंदराचे उजवीकडे चार, डावीकडे एकच."

"मग कशाला छळता बिचाऱ्यांना?"

काकूंनी परडी कठड्यावर ठेवली. परडी खाली ठेवली की अर्धा तास गेला म्हणून समजावं.

"शंभर वर्षांपूर्वी न्यूमोनियाला औषध काय, तर घोड्याच्या रक्तापासून केलेला सिरम. पण जंतूच्या जाती अनेक, एकीचा सिरम दुसरीला चालत नाही. मग रोग्याचा बेडका उंदराच्या पोटात टोचायचे. बेडक्यात छप्पन्न तऱ्हेचे जंतू, पण उंदराच्या पोटात न्यूमोनियाचा जंतू, न्यूमोकॉकस, असा माजतो की काही तासांत जिकडे तिकडे तोच. तो काढून जात ओळखायची, मग रोग्याला सिरम."

"ई!"

"ई काय? लंडनला ग्रिफिथ हेच जंतू घेऊन उंदरांवर काम करत होता. 1928 मध्ये त्याने तापवून मारलेले घातक जंतू आणि जिवंत पण निरुपद्रवी जंतू एकत्र टोचले. वेगवेगळे टोचले तर उंदीर ठणठणीत, एकत्र टोचले तर मेले. मेलेल्यांनी जिवंतांना काहीतरी दिलं होतं. ते काहीतरी म्हणजे डीएनए, हे न्यूयॉर्कला ॲव्हरीने 1944 मध्ये दाखवलं. तुझ्या लेकीच्या बारावीच्या पुस्तकात आहे बघ."

पण काकूंचा खरा लाडका किस्सा डॅप्टोमायसिनचा. त्वचेच्या इन्फेक्शनला हे औषध उत्तम. काचेच्या नळीत न्यूमोकॉकसलाही मारतं. न्यूमोनियाच्या रोग्यांना देऊन बघितलं, तर नेहमीच्या औषधाच्या बरोबरीला येईना.

"उंदरांत तर कोडंच," काकू सांगत होत्या. "जंतू रक्तातून फुप्फुसात गेले तर औषध लागू पडतं, श्वासनलिकेतून थेट वायुकोशांत गेले तर शून्य. फुप्फुसाच्या आत एक पातळ, साबणासारखा थर असतो, सर्फॅक्टंट. त्याच्यामुळे वायुकोश मिटत नाहीत. औषध त्यातच अडकून बसतं! हे 2005 मध्ये कळलं. नळीत सर्फॅक्टंट घालून बघावं हे सुचायलासुद्धा आधी कुणाचं तरी फुप्फुस लागलं ना?"

हे मला पटलं. उंदीर सगळ्याला पुरत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. स्टॅफ जंतूच्या एका विषाला उंदराच्या पांढऱ्या पेशी दादच देत नाहीत. माणसाच्या मरतात, सशाच्याही मरतात. तिथे ससाच घ्यावा लागतो.

"आणि करोनात माकडं आणली होती ना?"

"हो तर! आपल्या पुण्यात, एनआयव्हीत, कोव्हॅक्सिनसाठी. 20 माकडं हवी होती आणि लॉकडाउनमध्ये ती मिळेनात. रस्त्यावर माणूस नाही, खायला टाकणार कोण? सगळी रानात आत गेलेली. वनखातं मदतीला आलं, शेवटी नागपूरकडे सापडली. आयसीएमआरच्या तेव्हाच्या प्रमुखांनी, भार्गवांनी, पुस्तकात लिहिलंय. पाच-पाचाचे चार गट केले. तिघांना लशीचे तीन प्रकार, चौथ्याला लशीच्या नावाने नुसतीच सुई. चौदा दिवसांनी दुसरा डोस, आणखी चौदा दिवसांनी विषाणू. सातव्या दिवशी बघितलं, तर लस न मिळालेल्यांच्या फुप्फुसांत न्यूमोनिया, लस मिळालेल्यांत नाही."

"बघितलं म्हणजे?"

"फुप्फुसाचा तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवायचा म्हणजे..." काकूंनी वाक्य तिथेच सोडलं आणि परडीतली फुलं उगाच खालीवर केली.

माझा हात दंडाकडे गेला. मी तीच लस घेतली होती, दोन्ही डोस.

"आमच्याकडे रोज तराजूवर ठेवायचो एकेकाला," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "वजन फार उतरलं की पुढे तडफडू द्यायचं नाही, हा नियम. आणि किती लागणार ते कमिटीला आधी लिहून द्यायचं. दहांत भागत असेल तर अकरावा मिळायचा नाही. ते बरंच होतं."

आतून ह्यांचा खोकला ऐकू आला, पाठोपाठ चहाची हाक.

"उंदीर खोकतो का हो?"

"तीस वर्षांत मी तरी ऐकला नाही," म्हणत काकूंनी परडी उचलली.

उंदीर मी ओढ्यापलीकडे नेऊन सोडला. पिंजरा धुऊन ठेवलाय, पण लावायला भजं नाही. डॉक्टरांनी ह्यांना तेलकट बंद सांगितलंय.