अल्फासाहेबांस अनावृत पत्र

मा. अल्फासाहेब,
स. न. वि. वि.

सर्वप्रथम आपलं हार्दिक अभिनंदन. सिंबाच्या नाकावर बिस्कीट ठेवलं आणि आपण 'ओके' म्हणेपर्यंत त्याने ते खाल्लं नाही, हा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर पाहिला. टँकर कधी येणार हा विषय सोडला तर आपल्या ग्रुपवर इतक्या प्रतिक्रिया कशालाच आलेल्या नाहीत. बी विंगने टाळ्या वाजवल्या, काकूमंडळींनी हात जोडले आणि आपण विनयाने लिहिलंत, "घरात अल्फा कोण हे कुत्र्याला एकदा कळलं की झालं!" तेव्हापासून आपल्याला नुसत्या आडनावाने हाक मारणं मला प्रशस्त वाटत नाही.

व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. आपण सिंबाचा जबडा हातात धरलात तेव्हा त्याने भलीमोठी जांभई दिली. मग बिस्कीट ठेवलंत. त्याने ओठ चाटले, थोड्या वेळाने परत चाटले. कान मागे पाडले. मान फिरवावी तर बिस्कीट पडणार, म्हणून बिचाऱ्याने नुसते डोळे फिरवले आणि बुबुळाच्या कडेची पांढरी कोर दिसू लागली. पुढचा एक पंजा जमिनीपासून जेमतेम उचललेला. त्याखाली आपण लिहिलंत, "आळशी माझा! जांभया देतोय."

नॉर्वेत तुरिद रुगोस नावाच्या एक ट्रेनरबाई आहेत. त्यांनी कुत्र्यांच्या असल्या खाणाखुणा वर्षानुवर्षं टिपून ठेवल्या : जांभई, ओठ चाटणं, तोंड फिरवणं, अचानक जमीन हुंगायला लागणं. त्यांचं म्हणणं असं, की कुत्रा यातून 'जरा सबुरीनं घ्या' असं सांगत असतो. आता कुत्र्यालाही झोप येते, हे मान्य. एकट्या जांभईवरून कुणी निदान करू नये. पण जांभई, कान, डोळे आणि पंजा अशी चौघांनी एकाच वेळी साक्ष दिली, तर कोर्टसुद्धा विचार करतं. अर्थात, आपण कशाला नॉर्वेच्या बाईंचं ऐकाल? आपल्याकडे यूट्यूब आहे.

अल्फापदाचा इतिहास आपल्याला ठाऊक असेलच, तरी उजळणी करतो. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर एक प्रबंध लिहिला. बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेले लांडगे एकमेकांवर गुरगुरत होते, वरचढ होण्यासाठी झटत होते. हे म्हणजे सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा पाहून मनुष्यस्वभावावर ग्रंथ लिहिण्यासारखं झालं. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकी संशोधकाने १९७० मध्ये लांडग्यांवर पुस्तक लिहिलं आणि त्यातून 'अल्फा' जगभर पोचला. मग याच मेकसाहेबांनी रानातल्या लांडग्यांच्या मागे अनेक उन्हाळे घालवले. तिथे त्यांना कळप दिसला तो आई, बाप आणि पोरांचा. त्यात गादीसाठी मारामाऱ्या नाहीत. पोरं मोठी झाली की आपापला संसार थाटायला निघून जातात. १९९९ मध्ये त्यांनी तसं लिहून टाकलं आणि आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. ते २०२२ मध्ये एकदाचं थांबलं.

म्हणजे बघा, ज्याने हे पद जगाला दिलं त्याने ते रीतसर मागे घेतलं. लांडग्यांनी तर ते कधी घेतलंच नव्हतं. तरीही आपण खुर्ची सोडली नाहीत, ही निष्ठा विरळाच. आपण आजही दारातून सिंबाच्या आधी बाहेर पडता. तो भुकेला बसलेला असताना त्याच्यासमोर आधी स्वतः एक पोळी खाता, आणि मगच त्याच्या भांड्यात वाढता. का, तर नेता आधी जेवतो! आपल्याकडे नामदेवांची कथा सांगतात. कुत्र्याने भाकरी पळवली, तर महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, 'देवा, कोरडी खाऊ नका' म्हणत. अल्फा कोण हे नामदेवांना कुणी समजावून सांगितलेलं दिसत नाही.

आता सोफ्याच्या उशीबद्दल. उशी फाडल्यावर सिंबाने मान खाली घातली, शेपूट पायांत घेतली आणि डोळे वर करून पाहिलं. तो फोटो टाकून आपण लिहिलंत, "बघा, चूक कळते याला!" न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी नेमका हाच चेहरा २००९ मध्ये तपासला. खाऊ समोर ठेवून 'खायचं नाही' असं कुत्र्याला बजावायचं आणि मालकाने खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर मालकाला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. झालं असं, की खाऊला तोंडही न लावलेल्या कुत्र्यांना मालक उगाचच रागावले, आणि अपराधी चेहरा सर्वांत जास्त त्याच कुत्र्यांचा झाला. तो चेहरा मालकाच्या चढलेल्या आवाजाचा असतो, साहेब. सिंबा उशीबद्दल काहीच म्हणत नव्हता. दिवसभर घरात एकटा राहून कंटाळलेल्या दोन वर्षांच्या हस्कीने उशी फाडली, संध्याकाळी दार उघडलं आणि आपण ओरडलात. या दोन घटनांत त्याच्या लेखी किती तास गेले असतील, याचा हिशोब आपणच करा.

हस्कीवरून आठवलं. सैबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फावरच्या गाड्या ओढण्यासाठी ही जात वाढवली. अंगावर केसांचे दोन थर, आणि मैलोन्‌मैल पळायची हौस. त्याला आपण पुण्याच्या एप्रिलमध्ये तिसऱ्या मजल्यावर आणलंत आणि एसी लावलात, याबद्दल आपल्या वीजबिलाला मानाचा मुजरा. फिरायला मात्र पंधरा मिनिटं, तीही आपल्या घड्याळातली पावलं भरेपर्यंत. सिंबा खांबापाशी थांबला की पट्ट्याला हिसका. कुत्र्याची सकाळ नाकातून सुरू होते. कोण येऊन गेलं, आजारी होतं का, घाबरलेलं होतं का, हे सगळं त्या खांबावर असतं. आपण हातात पेपर घेतलात आणि पहिल्या पानाचा मथळा वाचायच्या आत कुणी मानगूट धरून पुढे ओढलं, तर आपण सोसायटीत पत्रक काढाल.

आता मुख्य विषयाकडे येतो, कारण हे पत्र खरं त्यासाठीच आहे.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला सिंबा जेवताना गुरगुरू लागला. आपण भांड्यात हात घालून पाहत होतात, 'सवय व्हायला हवी' म्हणून. जेवणाऱ्याच्या ताटात रोज हात घातल्यावर त्याला नेमकी कसली सवय होते, हे मला अजून कळलेलं नाही. तो गुरगुरला. मग आपण ट्रेनर आणलात. खात्रीशीर पंधरा दिवसांचा कोर्स, चोक चेनसकट. सिंबा गुरगुरला की हिसका. पुन्हा गुरगुरला की आणखी जोरात हिसका. कोर्स संपला, गुरगुरणं बंद झालं. आपण पेढे वाटलेत. मीही खाल्ला, छान होता.

कुत्रा एकदम चावत नाही हो. आधी तो तोंड फिरवतो. ते कुणी पाहिलं नाही की अंग ताठ करतो, हालचाल थांबवतो. मग गुरगुरतो. मग दात दाखवतो. मग हवेत तोंड मारून दाखवतो. एवढं सगळं करूनही समोरच्याला कळलं नाही, तर शेवटी दात लावतो. ही त्याची समजूतदार पद्धत आहे. माणसांत इतके टप्पे कुणी पाळत नाही. आपल्या पार्किंगच्या वादात तर दुसऱ्या वाक्याला हात उचलला गेला होता. आपल्या ट्रेनरने यातला मधला टप्पा काढून टाकला. सिंबाच्या मनातली भीती होती तिथेच आहे. वर हिसक्याची भीती आणखी बसली, आणि जेवताना माणूस जवळ आला की मान आवळते हे नवं ज्ञान मिळालं. गेला तो फक्त आवाज. उद्या काही झालं तर आपण म्हणणार, "काही कारण नसताना, न गुरगुरता चावला!" न गुरगुरता हे खरं असेल. त्यासाठी आपण रोख पैसे मोजलेले आहेत.

पोर्तुगालमध्ये पोर्तो शहराच्या आसपासच्या प्रशिक्षण शाळांतले ९२ कुत्रे घेऊन केलेला एक अभ्यास २०२० मध्ये छापून आला. काही शाळा खाऊ आणि शाबासकीवर चालणाऱ्या, काही हिसके आणि ओरडण्यावर. दुसऱ्या प्रकारच्या शाळांत कुत्रे जास्त वेळा ओठ चाटत होते, जांभया देत होते, आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतलं ताणाचं संप्रेरक वाढलेलं आढळलं. त्यातला एक प्रयोग तर चटका लावणारा आहे. एका कोपऱ्यातल्या वाटीत नेहमी खाऊ असतो, दुसऱ्या कोपऱ्यातली नेहमी रिकामी, हे कुत्र्यांना शिकवलं आणि मग वाटी मधोमध ठेवली. आशा असलेला कुत्रा पळत जातो. हिसके खाल्लेले कुत्रे रेंगाळत गेले. आता काही चांगलं मिळेल, हा भरवसाच त्यांचा उणावला होता.

आणि बिनहिसक्याने जमतं का म्हणाल, तर अटलांटातल्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांनी २०१२ च्या सुमारास कुत्र्यांना एमआरआयच्या खडखडाटात निश्चल पडून राहायला शिकवलं. ना भूल, ना बांधणं. कानांवर आवाज अडवणारी टोपडी, हळूहळू सराव आणि खाऊ. कुत्र्याला वाटेल तेव्हा उठून निघून जायची मुभा होती. एमआरआय यंत्रात माणसंसुद्धा घाबरून बेल दाबतात, आणि तिथे कुत्री पडून राहिली. आपला ट्रेनर मात्र 'सिट'साठी साखळी ओढतो.

अटलांटा लांब पडत असेल, तर आपल्या गेटपर्यंत चला. कानाला नसबंदीची खाच असलेला काळ्या तिथे वॉचमन मामांच्या खुर्चीखाली झोपतो. पावसाळ्यात तो पहिल्यांदा आला तेव्हा कुणी हात उचलला की लघवी करायचा, इतका भेदरलेला. मामांनी त्याला एकदाही बोलावलं नाही. खुर्ची जरा तिरकी केली, त्याच्याकडे पाठ केली, भाकरीचा तुकडा दूर टाकला आणि स्वतः रस्त्याकडे बघत बसले. मी विचारलं, "मामा, जवळ घ्या की त्याला." मामा म्हणाले, "भ्यालंय ते. यील की आपसूक." आठवडाभराने काळ्या खुर्चीच्या एका पायाशी आला. मामांनी तेव्हाही डोक्यावरून हात फिरवला नाही. हात खाली मोकळा सोडला आणि काळ्याला हुंगू दिला. डोक्यावरून येणारा हात त्याने कशासाठी पाहिलेला असेल, हे मामांना कुणी सांगावं लागलं नाही. आज मामा नुसतं 'चल' म्हणतात आणि काळ्या राउंडला निघतो. नाकावर बिस्कीट ठेवण्याचं काम मात्र त्याला येत नाही. प्रशिक्षणात एवढी त्रुटी राहिली.

कायद्याचं म्हणाल, तर आपण निश्चिंत असावं. कुत्र्याला अवास्तव आखूड किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं, हे दोन्ही प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आपण वाटलेल्या पेढ्यांचा बॉक्स याहून महाग होता.

तरी एक विनंती. कृपया अल्फापदाचा राजीनामा द्यावा. त्या जागी सिंबाच्या घरी 'बाबा' हे पद रिकामं आहे. मेकसाहेबांच्या ताज्या मतानुसार तेच खरं.

कळावे, लोभ असावा,
आपला,
ए विंगमधील एक बिनपदाचा रहिवासी

ता. क. : चौथ्या मजल्यावरची मुलं लिफ्टमध्ये सिंबाच्या गळ्यात पडतात. ती आत येईपर्यंत तो जीभ काढून छान धापत असतो. ती आली की त्याचं तोंड मिटतं, अंग ताठ होतं आणि तो भिंतीकडे बघू लागतो. आपण म्हणता, "शहाणा आहे, काही करत नाही." मुलांना आजच सांगा, लिफ्टमध्ये त्याला हात लावायचा नाही. आणि चोक चेन काढून साधा पट्टा बांधा, म्हणजे त्याला पुन्हा गुरगुरता येईल.