फायटरचा कार्पेट एरिया

मराठी घरात फायटर मासा सहसा ठरवून येत नाही. तो वाढदिवसाला येतो, परीक्षेतल्या मार्कांच्या बोलीवर येतो, नाहीतर कुर्ल्याच्या मासेबाजारात ‘नुसतं बघायला’ गेलेल्या बाबांच्या हातातल्या पिशवीतून येतो. मग त्याला ठेवायचं कुठे यावर घरात बैठक बसते आणि मासा सोडून सगळ्यांची मतं घेतली जातात. आई म्हणते, ओट्यावर नको. बाबा म्हणतात, टीव्हीपाशी वायरी आहेत. आजी ईशान्य कोपरा सुचवते. अखेर फ्रिजच्या डोक्यावर जेवढी जागा उरलेली असते, तेवढ्या मापाचा काचेचा बाऊल आणला जातो. त्यात दोन लिटर पाणी, मूठभर निळे खडे, प्लॅस्टिकचं एक रोप आणि मधोमध तो राजबिंडा जीव. दिशा वास्तुशास्त्राने ठरते, उंची फ्रिजने ठरते. लिटरबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

दुकानात या माशाची हमी देणारं वाक्य ठरलेलं असतं: “याला ऑक्सिजन लागत नाही, ग्लासातपण जगतो.” दुकानदाराच्या भाषेत ऑक्सिजन म्हणजे हवेचा पंप, आणि तो फायटरला लागत नाही हे खरंच आहे. त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, लॅबिरिंथ नावाचा घड्याघड्यांचा अवयव असतो. पाण्याच्या वर तोंड काढून तो हवा घेतो आणि तिच्यातला प्राणवायू या अवयवातून रक्तात जातो. नुसत्या कल्ल्यांवर त्याचं भागत नाही. त्यामुळे वर येण्याची वाट अडली, तर हा मासा चक्क पाण्यात बुडून मरतो. पण प्राणवायूचा प्रश्न सुटला म्हणून घाणीचा सुटत नाही. बाऊलमधला फायटर गुदमरत नाही, तो स्वतःच्याच अमोनियाने पोळतो.

दुसरा युक्तिवाद थेट परदेशातून येतो. हा मासा म्हणे मूळचा म्हशीच्या खुराच्या ठशात साचलेल्या पाण्यात राहतो. प्रत्यक्षात त्याचं मूळ गाव म्हणजे मध्य थायलंडमधलं चाओ फ्राया नदीचं खोरं. तिथली भातखाचरं, दलदली, संथ ओहोळ हे त्याचं घर. पाणी उथळ असतं खरं, पण खाचर केवढं पसरलेलं असतं! त्या गवताळ पाण्यात प्रत्येक नर आपापला टापू राखून असतो. तोंडाने बुडबुडे सोडून तो घरटं करतो, अंडी त्यात ठेवतो, मादीला हुसकावून लावतो आणि दीड-दोन दिवसांनी पिल्लं बाहेर पडेपर्यंत एकटा पहारा देतो. उन्हाळ्यात पाणी आटलं की हाच मासा डबक्यातही तग धरतो. नाइलाजाने काढलेले ते दिवस विक्रेत्यांनी त्याची आवड म्हणून खपवले. नाखोन पाथोमसारख्या ठिकाणचे पैदासकार एकेक नर छोट्या बाटलीत ठेवतात आणि शेजारी दिसू नये म्हणून मध्ये पुठ्ठा लावतात हेही खरं आहे, पण ती सोय विक्रीला जाईपर्यंतची. 2019 साली थायलंडने या माशाला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. आपल्याकडे त्याला फ्रिजवर जागा मिळाली.

आता गणित. माशाच्या उत्सर्जनातून आणि न खाल्लेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो. काही उपयुक्त जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग त्या मानाने निरुपद्रवी असलेलं नायट्रेट. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, काचेवर वस्ती करतात आणि ती वस्ती उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. बाऊलमध्ये फिल्टर नसतो, आणि दर रविवारी खडे घासून लख्ख केल्यामुळे जिवाणूंची उरलीसुरली वस्तीही बेसिनमध्ये जाते. शिवाय दोन लिटरमध्ये जेवढी घाण होते तेवढीच वीस लिटरमध्ये झाली, तर ती दहापट विरळ होते. एवढं गणित चौथीतल्या मुलालाही येतं.

त्यात आपलं आदरातिथ्य. फायटरला दिवसाला तीन-चार बारीक दाणे पुरतात. पण सकाळी बाबा घालतात, शाळेतून आल्यावर मुलगी घालते, दुपारी “बिचारा बघतोय माझ्याकडे” म्हणून आजी घालते आणि संध्याकाळी आलेल्या पाहुण्यांनाही एकेक चिमूट घालायचा मान मिळतो. मासा बघत असतो हे खरं. तो सगळ्यांकडेच बघतो. वीस लिटरची टाकी असला लाड एखाद्या दिवशी पोटात घालते, दोन लिटरचा बाऊल तेवढ्यात नासतो.

म्हणून जाणकार शौकीन एका फायटरला किमान पाच गॅलन, म्हणजे साधारण एकोणीस लिटर पाणी द्यावं म्हणतात. इथे मुंबई-पुण्याच्या माणसाला बिल्डरने शिकवलेला धडा कामाला येतो. टाकीचाही एक बिल्टअप एरिया असतो आणि एक कार्पेट. बारा बाय बारा बाय बारा इंचांची टाकी बाहेरून मोजली तर अठ्ठावीस लिटरची भरते. त्यातून काचेची जाडी वजा करा, तळाची दीड इंच वाळू वजा करा आणि मासा उडी मारतो म्हणून वर सोडलेले दोन इंच वजा करा. हातात उरतात जेमतेम एकोणीस लिटर. म्हणजे एक फुटी चौकोनी टाकी ही ऐसपैस चैन नसून कसाबसा बसवलेला वन आरके आहे. अठरा बाय बारा बाय बाराची घेतली तर अठ्ठावीस लिटरचा कार्पेट मिळतो आणि कुणालाच दाटीवाटी वाटत नाही.

आकाराचीही एक गोम आहे. दुकानात उंच, निमुळत्या टाक्या फार देखण्या दिसतात, पण फायटरला हवेसाठी सारखं वर यावं लागतं. त्यातून हाफमून जातीची शेपटी पसरली की अर्धवर्तुळ होते, आणि तो घोळ सावरत दोन फूट वर चढायचं म्हणजे लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत राहण्यासारखंच. उंचीपेक्षा लांबी घ्यावी. फिल्टरचा प्रवाह मंद असावा, झाकण हवं आणि झाकण व पाणी यांच्यामध्ये हवा हवी.

थंडीचाही विचार करावा लागतो. या माशाला चोवीस ते अठ्ठावीस अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. बाऊलभर पाणी बघता बघता गारठतं. वीस-तीस लिटर पाणी हळूहळू गार होतं आणि त्यात पंचवीस-पन्नास वॉटचा हीटर नीट बसतो.

“एवढ्या मोठ्या टाकीत तो घाबरतो हो,” असाही एक अनुभवी सूर निघतो. घाबरतो, पण टाकी रिकामी असली तर. जावा फर्न, अनुबियास, वर तरंगणारी थोडी हिरवळ एवढं मिळालं की तो पहिल्याच दिवशी मालकी हक्क सांगतो. जंगली बदामाचं वाळलेलं पान पाण्यात सोडतात, त्याने पाण्याला चहासारखा रंग येतो आणि मासाही निवांत होतो. ही पानं ऑनलाइन पाकिटांतून विकत मिळतात. मागवणाऱ्याच्या सोसायटीतला वॉचमन रोज सकाळी तीच झाडून कचऱ्यात टाकत असतो. आता गंमत अशी, की हे वीतभर पान बाऊलमध्ये मावत नाही. मासा मात्र मावतो, असं सगळ्यांना वाटतं.

जागा वाढली म्हणून दुसरा नर आणायचा मोह तेवढा आवरावा. 1963 च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या बाँडपटात खलनायक फायटर माशांची झुंज बघत कारस्थानं शिजवतो. पण माणूस दुष्ट असला तरी त्याच्याकडेही टाकी होती, बरणी नव्हती.

तेव्हा खरेदीला निघाल्यावर आधी अठरा इंची टाकी घ्या, ते जमतच नसेल तर एक फुटी. त्याखाली जायचं असेल तर मनीप्लांट घ्या, त्याला बाटली चालते. टाकी आणल्यावर फिल्टर सुरू करून ती महिना-दीड महिना मुरू द्या, मासा त्यानंतर आणा. नळाचं पाणी क्लोरीन काढूनच घाला आणि दर आठवड्याला फक्त पाव भाग बदला. आणि हो, पाणी, वाळू, काच धरून अठरा इंची टाकी चाळीस-पंचेचाळीस किलोंची होते. फ्रिजचा विचार सोडून द्या आणि खालचं टेबल पक्कं आहे ना, ते आजच हलवून बघा.