आठाचे चोवीस करावेत काय?

भारत सरकारच्या व्याख्येप्रमाणे आमच्या कामणच्या घरात दिवाळीपासून होळीपर्यंत ब्रॉडबँड असतं. पावसाळ्यात नसतं. वायर तीच, मोडेम तोच, बिलाची तारीखही तीच. पण 25 जानेवारी 2023 पासून 2 एमबीपीएसच्या खालच्या वेगाला ब्रॉडबँड म्हणायचं नाही असं ठरलंय, आणि तुंगारेश्वरावर ढग टेकले की आमची लाइन दोनाच्या खाली उतरते, ती घट बसेपर्यंत वर येत नाही.

यात सरकारने आमच्यावर अन्याय केला असं म्हणवत नाही. 2004 च्या ब्रॉडबँड धोरणात 256 केबीपीएस पुरत होते. त्या हिशेबाने आम्ही भर आषाढातही ब्रॉडबँडवाले ठरलो असतो. 2013 साली हा आकडा 512 वर गेला, आणि मग 2023 साली एकदम दोनावर. त्याच 2004 च्या धोरणात 2010 पर्यंत देशभर दोन कोटी ब्रॉडबँड ग्राहक करायचे होते. झाले साधारण निम्मे. वेळीच व्याख्या 128 वर आणली असती तर उद्दिष्टाच्या जवळ जाता आलं असतं. पण तेव्हा कुणाला सुचलं नाही. हल्ली सुचतं.

तर अशा या हंगामी ब्रॉडबँडच्या घरात कंपनीचा मेसेज आला. आठ एमबीपीएसचा प्लॅन सोडा, चोवीसचा घ्या, महिन्याला थोडेसेच जास्त. मेसेजमधलं बाकी सगळं अंकांत होतं, फक्त ‘थोडेसेच’ तेवढं अक्षरांत.

सौ.ने लगेच होकार दिला. तिची बाजू भक्कम आहे. दिवाळीच्या सेलमध्ये आम्ही फोरकेचा टीव्ही घेतला. नेटफ्लिक्सवाले सांगतात की साध्या एचडीला 3 एमबीपीएस लागतात, फुल एचडीला 5 आणि फोरकेला 15. आमच्याकडे जे येतं त्यात मालिकेतल्या नायिकेचा चेहरा ऐन मोक्याला चौकोनी होतो. ती रडतेय की हसतेय हे पार्श्वसंगीतावरून ओळखायचं.

चिरंजीव घरून काम करतात. त्यांचा प्रश्न वेगळाच. एडीएसएल नावाच्या या प्रकारात माल घरात येण्यासाठी मोठं दार ठेवलेलं असतं आणि घरातून बाहेर जाण्यासाठी खिडकीची फट. खाली उतरवायला चोवीसपर्यंत, वर चढवायला जेमतेम एक. हे ठरवणाऱ्यांना वाटलं होतं, लोक घरात बसून नुसतं बघतील. लोकांनाही काही दाखवायचं असेल हे तेव्हा कुणाच्या गावी नव्हतं. त्यामुळे मीटिंगमध्ये आमच्या चिरंजीवांना सगळ्यांचे चेहरे दिसतात, पण त्यांचा स्वतःचा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठलेला असतो. साहेबांना वाटतं, पोरगा विचार करतोय. याच विचारीपणावर यंदा त्याला बढती मिळाली, तेव्हा वेग वाढवण्याबाबत तो स्वतःच जरा सावध आहे.

अण्णांचा साफ नकार. त्यांना प्लॅनशी देणंघेणं नाही, ती तांब्याची वायर घरातून जाता कामा नये एवढंच. खाडीपलीकडचं भाईंदर मुंबईच्या 022 मध्ये आणि अलीकडचे आपण 0250 मध्ये, बोरिवलीला फोन म्हणजे एसटीडी, अशा दिवसांत नंबर लावून मिळालेला तो फोन. शिवाय त्यांच्याकडे एक बिनतोड मुद्दा आहे. त्या फोनला एक्स्चेंजच्या बॅटरीचे 48 व्होल्ट वायरीतूनच मिळतात. सगळ्या कामणात अंधार असला तरी अण्णांचा फोन चालू. राउटर मात्र वीज जाताक्षणी मान टाकतो, आणि पावसात वीज किती वेळा जाते हे इथल्या माणसाला सांगायला नको. गेल्या जुलैत सगळी आळी काळोखात असताना अण्णांचा फोन खणखणला. पलीकडून कंपनीची बाई वेगवान इंटरनेटची योजना समजावून सांगत होती.

मी कुटुंबप्रमुख. म्हणजे निर्णय माझा नसतो, पण त्याची जबाबदारी माझी असते. मी चिरंजीवांना म्हटलं, आकड्यांवर बोलू. त्याने मोडेमचं पान उघडून दाखवलं: लाइन ॲटेन्युएशन, नॉइज मार्जिन, सिंक स्पीड. रक्तचाचणीच्या रिपोर्टसारखे आकडे, शेजारी नॉर्मल किती तेवढं लिहिलेलं नव्हतं. त्याचा अर्थ असा निघाला की आपण पैसे आठाचे भरतो आणि येतात चार.

कारण लांबी. एक्स्चेंजच्या दारात चोवीसचे चोवीस मिळतात. दीड किलोमीटरवर विसाच्या आसपास. साडेतीन-चार किलोमीटरवर चार-पाच, आणि पाचाच्या पुढे देवाचं नाव घ्यायचं. तेही वायरीचे किलोमीटर, आपल्या चालण्याचे नव्हेत. वायर एक्स्चेंजमधून पिलरला जाते, पिलरवरून डीपीला, डीपीवरून ज्याने मध्येच इमला चढवलाय त्याच्या कंपाउंडला वळसा घालून खांबाला, आणि खांबावरून आमच्या खिडकीत. वाटेत किती ठिकाणी सांधलीय ते सांधणारालाच ठाऊक.

आमच्या कोपऱ्यावरचा सांधा मी रोज बघतो. दोन तारा एकमेकींना पिळून त्यावर चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीवर दुधाची रिकामी पिशवी सुतळीने बांधलेली. पिशवीचं तोंड वर आहे. पहिल्या सरीलाच ती भरते आणि दसऱ्यापर्यंत आमचा सांधा पाण्यात बुडून असतो. तांब्याला हिरवा कळंक चढलाय. पिशवी उलटी बांधा एवढंच माझं म्हणणं आहे. तक्रार केली की उत्तर येतं, ‘आपल्या लाइनची तपासणी केली असता ती सुस्थितीत आढळली.’ तपासणी उन्हाळ्यात होते.

आता चोवीसचा प्लॅन घेतला तर वायरीची लांबी कमी होणार का? पिशवी उलटी होणार का? चिंचोटी-कामण-अंजूरफाटा रस्ता रोज डोळ्यांसमोर असताना हा प्रश्न आम्हाला तरी पडायला नको होता. भिवंडीच्या गोदामांचे ट्रेलर खड्डा चुकवत कसे चालतात ते आम्ही बघतो. याच रस्त्यावर टोलनाकाही होता. टोल भरला म्हणून कुणाची गाडी पुढच्या खड्ड्यात कमी आपटली नाही. आठाचा चोवीस करणं म्हणजे तिप्पट टोल भरून त्याच खड्ड्यात जाणं. येणार चारच.

तरी खात्री करावी म्हणून ग्राहक सेवेला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, मग सनई, मग माणूस. त्याने पत्ता विचारला. मी म्हटलं, कामण. क्षणभर कीबोर्ड वाजला. ‘सर, भरतपूरवाला?’ राजस्थानात आमच्याच स्पेलिंगचं एक गाव आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, महाराष्ट्र, तालुका वसई, जिल्हा पालघर. पालघर त्याच्या यादीत सापडेना. आमचा जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला जन्मला. कंपनीच्या कॉम्प्युटरपर्यंत ही बातमी बहुधा आमच्याच लाइनवरून निघाली असावी. शेवटी ‘ठाणे’ या जुन्या नावावर तडजोड झाली, आणि त्याने आनंदाने सांगितलं की आपल्या भागात चोवीस उपलब्ध आहे. कोणत्या भागात, हे विचारायचं मी टाळलं.

चिरंजीव म्हणाला, बाबा, हे सोडा, फायबर घ्या. तांब्यातून जाताना सिग्नल दर किलोमीटरला दहा-बारा डेसिबलने पडतो, काचेच्या तंतूत अर्ध्यानेही नाही. त्यातही तीन डेसिबल म्हणजे निम्मा गेला, असा तो हिशेब. काचेला ना पाण्याची भीती ना कळंकाची. तांबंचोरालाही तिच्यात रस नाही. तोवर मोबाइलवर भागवू. मोबाइलचं नेटवर्क आमच्याकडे आहे, पण गच्चीच्या ईशान्य कोपऱ्यातच. वास्तुशास्त्राप्रमाणे गच्चीवरची पाण्याची टाकी नैऋत्येला हवी. टाकी बांधताना हे माहीत नसूनही ती चुकून नैऋत्येलाच झाली, म्हणून आज बँकेचा ओटीपी तरी येतो.

फायबरचं नाव काढताच आळीतला केबलवाला शिडी घेऊन हजर झाला. हा माणूस मला आवडतो. त्याच्याकडे ‘पर्यंत’, ‘अंदाजे’, ‘अटी लागू’ असले शब्दच नाहीत. खांबाकडे बघून म्हणाला, ‘काका, शंभरचं लावतो. पण बॉक्स टाकायला आळीत चार कनेक्शन पाहिजेत. एकट्यासाठी परवडत नाही. तुमचं एक धरलं, तीन आणा.’

म्हणजे ग्राहक व्हायला गेलो आणि एजंट होऊन परत आलो. बिनपगारी.

अण्णांची समजूत निघाली. फायबर आलं तरी तांब्याचा फोन राहील, त्याला हात लावणार नाही, असं मी लेखी दिलंय. म्हणजे आता दोन बिलं. ‘थोडेसेच’चा खरा आकडा असा हळूहळू समोर येतोय.

मग मी आळीत फिरलो. समोरचे भाऊ म्हणाले, आधी तुमच्याकडे कसं चालतंय ते बघू, मग घेऊ. म्हटलं, तुम्ही घेतल्याशिवाय माझ्याकडे चालणारच नाही. ते म्हणाले, तेच तर बघायचंय. पलीकडच्या वहिनींना आमच्या वायफायचा पासवर्ड माहीत आहे, त्यांना वेगळं कनेक्शन कशाला, हे त्यांचं म्हणणं तर्काला धरून आहे. तिसरे नुकतेच आठाचे चोवीस करून बसलेत, वर्षाचे पैसे एकदम भरून. वेग कसा आहे विचारलं तर म्हणाले, चार येतात, पण चोवीसमधले चार वेगळेच असतात.

केबलवाला परवा पुन्हा विचारून गेला. भाऊंना मी सांगितलंय की वहिनी तयार आहेत, वहिनींना सांगितलंय की चोवीसवाले तयार आहेत आणि पासवर्ड उद्यापासून बदलणार आहे, आणि चोवीसवाल्यांना सांगितलंय की भाऊ शंभर घेतायत.