आधी दात मोजा

कासारसाईत माणसाची अक्कल मोजायचं एकच माप आहे: त्याने बैल कसा घेतला? शिक्षण, पगार, हिंजवडीतला फ्लॅट, हे सगळं नंतरचं. या मापाने मी गावात ढ आणि आमचे आबा, म्हणजे थोरले चुलते, प्राध्यापक.

मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली आणि प्राध्यापकांचा तास बंद पडला. चार खिल्लार गोठ्यात उभे, खुराक चालू, शर्यतीचा घाट बंद. धरणाच्या काठी तंबू ठोकायला येणाऱ्या पोरापोरींकडे बघत माणसाने किती रविवार काढावेत? त्याच वर्षी ऑक्टोबरात फुटबॉलची इंडियन सुपर लीग सुरू झाली, पुण्याला एफसी पुणे सिटी नावाचा संघ मिळाला आणि मी आबांना मोटरसायकलवर मागे बसवून, हिंजवडीच्या कोंडीतून वाट काढत बालेवाडीच्या मैदानावर नेलं. पाप माझं आहे, कबूल.

संघाच्या मालकांत हृतिक रोशन आहे हे मी कौतुकाने सांगितलं. आबांनी विचारलं, "त्यो खेळतो का?" नाही. "मग त्याचं काय सांगतो?" संघाचं टोपणनाव स्टॅलियन्स, म्हणजे घोडे, हे कळल्यावर मात्र ते खुलले. आमच्याकडे घाटात गाड्याला चार बैल जुंपतात आणि त्यांच्यापुढे घोडी पळते. "घोडी तर झाली," आबा म्हणाले, "आता बैलं दाव."

मी बैल दाखवला. डेव्हिड ट्रेझेगे. २००० सालच्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इटलीवर गोल्डन गोल मारून फ्रान्सला जिंकून देणारा. मी रंगात आलो होतो. आबांनी हात वर करून थांबवलं. "दोन हजार साली? आन आता कितवं साल चालूय?"

ट्रेझेगेचं वय तेव्हा ३७ होतं. चाकणच्या बाजारात आबा बैलाची किंमत विचारायच्या आधी त्याचा जबडा उघडतात. आदत, दुसा, चौसा, जुळलेला, अशी दातांवरून वयाची ती उजळणी चालते. जुळून बरीच वर्षं झालेल्या बैलाचे मागचे पराक्रम ते आदराने ऐकतात, पाठीवर हात फिरवतात आणि पुढे जातात. आमच्या क्लबने जबडा उघडलाच नव्हता. त्या हंगामात ट्रेझेगेने पुण्यासाठी मारलेले गोल एका हाताच्या बोटांवर मोजले तरी बोटं उरत होती. संघ आठांत सहावा.

न्यायाने बोलायचं तर असा एक नामवंत, 'मार्की' खेळाडू घ्यायलाच हवा, हा तेव्हा लीगचाच दंडक होता. पण दंडकात 'म्हातारा' हा शब्द नव्हता, तो आमच्या लोकांनी आपल्या पदरचा घातला. २०१५ मध्ये रुमानियाचा आद्रियान मुटू आला, वय ३६. मी आबांना म्हटलं, बघा, एका वर्षाने तरुण झाला संघ. संघ सातवा आला. २०१६ मध्ये आइसलँडचा आयदुर गुडयॉन्सन, एके काळचा बार्सिलोनाचा गडी. हंगाम सुरू होईतो ३८ वर्षांचा झालेला. तो तर हंगामाआधीच दुखावला आणि एकही सामना न खेळता गेला. इसार दिलेला बैल घाटापर्यंतही पोचला नाही. त्याच्या जागी घाईघाईने मोहम्मद सिसोको आणला.

त्याच वर्षी प्रशिक्षक म्हणून कोलकात्याला पहिलं विजेतेपद मिळवून दिलेले अंतोनिओ हबास आले. आबा पहिल्यांदाच म्हणाले, "ह्यो सौदा बरा दिसतो." मग कळलं की आदल्या हंगामातली चार सामन्यांची बंदी हबास सोबत घेऊन आले आहेत. म्हणजे पहिले चार सामने साहेब बाकावर बसणार नाहीत. आबांनी तंबाखू मळता मळता मला एवढंच विचारलं, की खरेदीला जाताना ही माणसं घरातल्या कुणाला विचारत नाहीत का.

गोठ्याचं नियोजन म्हणजे काय, ते सांगतो, कारण वातानुकूलित खोलीत ते समजत नाही. पुढच्या जोडीला कोण, मागच्या जोडीला कोण, कोणता कोणाशी पायाला पाय लावून पळतो, हे आबांच्या डोक्यात बारा महिने चालू असतं. एक लंगडला तर कोणाच्या गोठ्यातून पैऱ्याने बैल आणायचा आणि बदल्यात आपला कधी द्यायचा, हेही ठरलेलं. शिवाय दावणीच्या टोकाला एक खोंड कायम तयार होत असतं. आज त्याचा उपयोग शून्य. खातं मात्र पहिल्या नंबराच्या बैलाएवढं. काकूंची त्यावरून रोज कुरकुर असते.

गंमत म्हणजे पुण्याला असा खोंडांचा गोठा आयता मिळाला होता. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी हा २००७ सालचा क्लब, २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये उपविजेता. तो बंद पडताना त्याची अकादमी २०१६ मध्ये पुणे सिटीकडे आली. (मधल्या काळात पुण्याचाच भारत एफसी एक हंगाम खेळून मिटला आणि डीएसके शिवाजियन्सही २०१७ पर्यंत आटोपला. धरणाकाठची हॉटेलं तरी दोन पावसाळे काढतात.) त्या अकादमीत मलप्पुरमहून आलेला आशिक कुरुनियन नावाचा पोरगा वाढला. स्पेनला जाऊन शिकून आला, पुढे भारताकडून खेळला. आबा त्याला ओळखायचे. नावाने नाही, धावण्यावरून. "डाव्या अंगानं पळतंय ते."

२०१७ मध्ये मार्कीची सक्ती सुटली आणि काय आश्चर्य, पुणे सिटी पळायला लागली! मार्सेलिन्हो आणि अल्फारो ही जोडी पायाला पाय लावून धावली, रांको पोपोविच यांच्या हाताखाली संघ चौथा आला, पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेला. बालेवाडीत बंगळुरूशी ०-० आणि तिकडे सुनील छेत्रीने एकट्याने तीन गोल मारून आम्हाला ३-१ ने परत पाठवलं. आबा नाराज नव्हते. "बारी चांगली झाली. पुढच्या साली हीच जुपी ठिवा फकस्त."

ठेवली नाही. पोपोविच गेले, मिगेल आंखेल पोर्तुगाल आले आणि तीन सामन्यांत तेही गेले. मग काही काळ प्रद्युम्न रेड्डींनी कासरा धरला, मग इंग्लंडहून फिल ब्राउन आले. बारी चालू असताना घोडीवरचा स्वार दोनदा बदलला. दहांत सातवे. पाच हंगामांचा हिशेब: सहावा, सातवा, सहावा, चौथा, सातवा. दहावीच्या गुणपत्रिकेत एवढं सातत्य असतं तर मी आज गावात ढ ठरलो नसतो.

२०१९ मध्ये आशिक बंगळुरूला गेला आणि ऑगस्टात गोठाच उठला. लीगमधली पुण्याची जागा हैदराबादला गेली. सोबत मार्सेलिन्हो गेला, आदिल खान गेला, ब्राउनसाहेबसुद्धा गेले. पहिल्या हंगामात हैदराबाद तळाला राहिलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला रात्री शांत झोप लागली. मग २०२२ च्या मार्चमध्ये त्यांनी लीग जिंकली. पुण्याहून गेलेला निखिल पुजारी त्या संघात होता. आबांना सांगितलं तर म्हणाले, "वैरण बदलली आसंल."

पुढे हैदराबादचीही वैरण संपली आणि २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला गेला. दिल्लीचा आधीचा संघ २०१९ मध्येच भुवनेश्वरला गेलेला. तलाठ्यांच्या बदल्यांत यापेक्षा जास्त ताळमेळ असतो. बदलीवर गेलेला तलाठी निदान दप्तर तरी सोबत नेतो. आमचा इतिहास, आमची भगवी जर्सी, बालेवाडीत बसवलेला घसा, यातलं काहीच कोणी उचललं नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये त्यावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्का मारला आणि आबा आपल्या मूळ विषयाकडे वळले. दावणीच्या टोकाचं खोंड तोवर जुळत आलं होतं. माझी जर्सी आता बारी संपल्यावर त्याचं अंग पुसायला असते. घाम छान शोषते.

परवा आम्ही चाकणला गेलो होतो. एका व्यापाऱ्याने उंचापुरा, पांढराशुभ्र बैल पुढे केला. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळ. किती घाट गाजवले, कुठे फेटा मिळाला, मोबाइलवर किती लाख लोकांनी त्याची बारी पाहिली, हे तो सांगत राहिला. मला बैल आवडला होता. भाव करायला व्यापाऱ्याने रुमाल झटकून हातावर टाकला. आबांनी रुमालाखाली हात घातलाच नाही. त्यांनी बैलाचा ओठ वर केला, आत बघितलं, ओठ हळूच सोडला आणि त्याच्या मानेवर थोपटलं.

"चल," मला म्हणाले, "ट्रेझेगे हाय."